मोटरगाडीतील विद्युत् संयोजक व त्यांची दुरुस्ती

मोटरगाडीच्या विद्युत् मंडलातील तारा एकमेकींना अथवा दिवे, संवेदक, चलित्रे (विद्युत् शक्तीवर चालणाऱ्या मोटरी), नियंत्रक वगैरे उपकरणांना जोडण्यासाठी आणि जरूर तेव्हा अलग करता येण्यासाठी जी साधने वापरतात त्यांना विद्युत् संयोजक म्हणतात. दुरुस्तीच्या व्यवसायात संयोजकास ‘कपलर’, त्यातील धातूच्या अग्रांस ‘पिन’ आणि तारांच्या संपूर्ण जुडग्यास ‘वायरिंग’ किंवा ‘हार्नेस’ ही नावे रूढ आहेत. गाडीत आढळणाऱ्या विद्युत् दोषांपैकी बरेचसे दोष उपकरणात नसून या जोडांत असतात. तथापि जोड बाहेरून दिसत नाही व उपकरण दिसते, त्यामुळे दोषाचा आळ प्रथम उपकरणावर येतो. चांगले उपकरण काढून नवे बसविताना संयोजक एकदा काढून पुन्हा घालावा लागतो आणि तेवढ्यानेच दोष काही दिवस नाहीसा होतो. दुरुस्ती यशस्वी झाली असा समज होऊन मूळ दोष तसाच राहतो व पुढे केव्हातरी, बहुधा पावसात किंवा रात्रीच्या प्रवासात, पुन्हा प्रकट होतो. मोठा प्रवाह वाहणारा जोड तापून गाडीस आग लागण्याचा धोकाही असतो. म्हणून दोष जोडातच आहे हे निश्चित करणे आणि दुरुस्तीनंतर तो जोड खरोखरच सुधारला की नाही हे मापनाने पडताळणे, हे दुरुस्तीच्या कामाचे दोन महत्त्वाचे भाग होत.

सुरुवातीच्या मोटरगाड्यांत विजेचा उपयोग एंजिनातील ठिणगीपुरताच होता. १९१२ साली चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत् आरंभक कॅडिलॅक गाडीत बसविण्यात आला. घटमाला, जनित्र व दिवे यांची सांगड त्यानंतर लवकरच सर्वसामान्य झाली. त्या काळी तारेचे टोक पितळी स्क्रूखाली आवळून जोड करीत. पुढे ब्रिटिश गाड्यांत पितळी गोळीच्या आकाराची अग्रे व त्यांवर बसणारी, रबरी आवरणातील फटीची नळी ही पद्धत रूढ झाली. मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीवरून भारतात तयार करण्यात आलेल्या व २०१४ पर्यंत उत्पादन चालू असलेल्या अँबॅसडर गाडीमुळे असे गोळीजोड भारतातील दुरुस्तीकारांच्या चांगल्या परिचयाचे झाले. त्यांच्यामागून चपट्या पात्याचे (सामान्यतः ६·३ मिमी. रुंदीचे) जोड व अनेक अग्रे एकाच प्लॅस्टिकच्या कवचात बसविलेले संयोजक आले.

१९६७ साली बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनीय इंधन अंतःक्षेपण पद्धती फोक्सवॅगन गाडीत वापरण्यात आली, तेव्हापासून संयोजकाच्या कार्याचे स्वरूपच पालटले. दिव्याच्या जोडातून काही अँपिअर प्रवाह वाहतो. संवेदकाच्या जोडातून वाहणारा प्रवाह अँपिअरच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी असतो आणि दाब बहुधा ५ व्होल्टच असतो. मोठा प्रवाह धातूवरील ऑक्साइडाचा पातळ थर भेदून स्वतःची वाट करून घेऊ शकतो, क्षीण प्रवाहास ते साधत नाही. त्यामुळे दिवा लावण्यास पुरेसा ठरणारा जोड संवेदकाच्या बाबतीत निकामी ठरू शकतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ हे उत्सर्जनाचे निकष लागू झाले व गाड्यांतील संवेदकांची संख्या आणखी वाढली. साहजिकच संयोजकांच्या दोषांचे महत्त्वही त्या प्रमाणात वाढले आहे. [⟶ मोटरगाडी].

रचना : सर्वसाधारण संयोजकाचे नर व मादी असे दोन भाग असतात. प्रत्येक भागात नायलॉन अथवा पॉलिब्युटिलीन टेरेप्थॅलेट या प्लॅस्टिकाचे कवच आणि त्यातील स्वतंत्र खोबणींत बसविलेली अग्रे असतात. मादी अग्राला आतून स्प्रिंगेसारखी जीभ असते व ती नर अग्राला सतत दाबून धरते. अग्र मागे सरकू नये म्हणून खोबणीत लवचिक अडकण असते. पुष्कळ संयोजकांत त्याशिवाय दुसरी एक खिट्टी असते व सर्व अग्रे पूर्ण आत गेल्याखेरीज ती बसत नाही. दोन्ही कवचे एकमेकांत घातल्यावर ‘टक’ असा आवाज करून बसणारे बाहेरील कुलूप वेगळेच. एंजिनाजवळ व गाडीच्या तळाशी असणाऱ्या संयोजकांत पाणी शिरू नये म्हणून दोन कवचांमध्ये व प्रत्येक तारेभोवती सिलिकोन रबराची कडी बसवितात.

अग्रे पितळ, फॉस्फर ब्राँझ किंवा तांब्याच्या अन्य मिश्रधातूंची असून त्यांवर बहुधा कथलाचा मुलामा असतो. त्याची जाडी एक ते तीन सहस्रांश मिलिमीटर इतकीच असते. सुरक्षा-पिशवीसारख्या महत्त्वाच्या मंडलांत सोन्याचा मुलामा देतात. कथलाचा मुलामा असलेले अग्र सोन्याचा मुलामा असलेल्या अग्रात बसवू नये, कारण अशा विजातीय जोडीत सोन्याच्या पृष्ठावर कथलाचे ऑक्साइड साचत जाऊन जोडाचा रोध वाढतो.

स्पर्शाचे स्वरूप : धातूचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले असता ते सर्व क्षेत्रभर टेकलेले दिसतात. प्रत्यक्षात मात्र अतिसूक्ष्म उंचवट्यांच्या काही थोड्या बिंदूंतच त्यांचा स्पर्श होतो व सर्व प्रवाह या बिंदूंतून आक्रसून वाहतो. या विषयाचा पायाभूत अभ्यास स्वीडिश भौतिकीविज्ञ रॅग्नार होल्म यांनी केला. स्पर्शबिंदूंची संख्या व आकार मुख्यतः दाबावर अवलंबून असतात. पृष्ठभाग कितीही चकचकीत असला, तरी स्प्रिंगेचा जोर गेला असेल, तर जोड वाईटच असतो. जुन्या अग्रांना घासूनपुसून पुन्हा वापरण्याची पद्धत अनेकदा अपयशी ठरते, त्याचे कारण हेच आहे.

कथलावर हवेत लगेच ऑक्साइडाचा कठीण पण ठिसूळ थर बनतो. खालचे कथील मऊ असल्याने अग्रे एकमेकांत सरकताना हा थर साईप्रमाणे फाटतो व शुद्ध धातूचा स्पर्श घडतो. जोड स्थिर राहिला, तर तो वर्षानुवर्षे टिकतो. गाडीच्या कंपनांमुळे व तापमानातील चढउतारांमुळे मात्र अग्रे एका मिलिमीटरच्या शतांशाइतकी मागेपुढे सरकत राहतात. प्रत्येक हालचालीत थोडे कथील उघडे पडते, त्याचे ऑक्साइड होते व ते खरवडले जाऊन स्पर्शबिंदूंभोवती काळसर भुकटीच्या रूपाने साचते. अखेरीस स्पर्श धातूऐवजी या भुकटीवर होऊ लागतो. याला घर्षणजन्य संक्षारण म्हणतात. संयोजक काढून घातला की भुकटी बाजूस सारली जाते व दोष नाहीसा होतो, परंतु हालचाल चालूच असल्याने तो परत येतो. ‘हलवले की चालते’ असे गिऱ्हाईक सांगते तेव्हा बहुधा हाच प्रकार असतो.

दोषांची कारणे : घर्षणजन्य संक्षारणाखालोखाल पाण्याचा क्रमांक लागतो. ओल्या संयोजकात शेजारशेजारच्या दोन अग्रांवर निरनिराळा दाब असेल, तर त्यांच्या दरम्यान विद्युत् विच्छेदन सुरू होते. धनाग्र असलेली पिन विरघळत जाते आणि तांब्याची हिरवी-निळी लवणे साचतात. सतत दाबाखाली असलेली पिन झिजून नाहीशी झाली व तिच्या शेजारची मात्र शाबूत राहिली, असे दृश्य त्यामुळे दिसते. पाण्यात मीठ असेल, तर ही क्रिया झपाट्याने होते. कोकण व गोव्याच्या किनारपट्टीवर चालणाऱ्या गाड्यांत दमट, खारट हवेमुळे हा दोष विशेष आढळतो. पाणी तारेच्या पदरांमधील बारीक फटींतून केशाकर्षणाने (बारीक नळीत द्रव आपोआप ओढला जाण्याच्या क्रियेने) आवरणाखाली दूरवर जाते. त्यामुळे दिव्याजवळ शिरलेल्या पाण्याने बऱ्याच अंतरावरच्या नियंत्रकातील पिना खराब होऊ शकतात.

पुरात बुडालेल्या गाड्यांची स्थिती याहून वाईट असते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिमी. पाऊस झाला, तेव्हा शहरातील असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशा गाडीची किल्ली फिरवून ‘चालू होते का’ हे पाहण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. दाब लागू होताच वर सांगितलेले विद्युत् विच्छेदन सर्व संयोजकांत एकाच वेळी सुरू होते. प्रथम घटमालेची ऋण जोडणी काढून मग संयोजक उघडावेत, ते स्वच्छ गोड्या पाण्याने व शक्यतो शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत.

उष्णतेचा दोष मोठ्या प्रवाहाच्या जोडांत आढळतो. पुढच्या दिव्याच्या ६० वॉटच्या दीपातून १२ व्होल्टला ५ अँपिअर प्रवाह वाहतो. अशा जोडात ०·२ ओहम इतका रोध निर्माण झाला, तर सु. १ व्होल्ट दाब तेथेच खर्ची पडतो व काही मिलिमीटर जागेत सु. ५ वॉट उष्णता निर्माण होते. तापलेल्या पितळी अग्राची स्प्रिंग सैल होते, ती सैल झाल्याने रोध वाढतो व रोध वाढल्याने ते आणखी तापते. अखेर कवच तपकिरी पडून वितळू लागते. जास्त उजेडासाठी ६० वॉटच्या जागी १०० वॉटचा दीप बसविण्याची पद्धत या दोषाचे मोठे कारण आहे. त्यामुळे प्रवाह सु. ८·३ अँपिअर होतो आणि, उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, त्याच जोडात सु. पावणेतीन पट उष्णता निर्माण होते. वितळतार मात्र वितळत नाही, कारण ती जास्त प्रवाहापासून तारेचे रक्षण करते. जोडातील रोधामुळे प्रवाह वाढत नसून उलट किंचित घटतो, म्हणून जळणाऱ्या जोडापासून वितळतार संरक्षण देत नाही.

यांखेरीज उंदीर-घुशींनी तारा कुरतडणे, कवचाची खिट्टी वयाने ठिसूळ होऊन तुटणे, घाईने ओढल्याने तार अग्रातून निसटणे, ही नेहमीची कारणे होत. पुष्कळसे नुकसान दुरुस्तीच्या वेळीच होते. तपासणीची जाड सळई मादी अग्रात खुपसली की तिची जीभ कायमची पसरते. तारेच्या आवरणात सुई टोचून दाब पाहिला की त्या छिद्रातून पाणी शिरते व काही महिन्यांनी तार आतून हिरवी पडून तुटते. तपासणी संयोजकाच्या मागील बाजूने, तारेलगत बारीक सुई सरकवून किंवा योग्य मापाचे नर अग्र वापरून करावी.

दोष शोधणे : संयोजक सोडवून रोधमापकाने तारेचा रोध मोजणे ही सर्रास वापरली जाणारी, परंतु फसवी पद्धत आहे. एकोणीस पदरांपैकी अठरा पदर तुटून एकच शिल्लक राहिला असेल, तरीही रोधमापक जवळजवळ शून्यच दाखवितो, कारण त्याने पाठविलेला प्रवाह अत्यल्प असतो. त्याचप्रमाणे भार न जोडता व्होल्टमापकाने दाब पाहिला, तर तो पूर्ण १२ व्होल्ट दिसतो. प्रवाहच वाहत नसल्याने दाबात घट होत नाही. विश्वसनीय पद्धत म्हणजे उपकरण चालू ठेवून, प्रवाह वाहत असताना, जोडाच्या अलीकडे व पलीकडे व्होल्टमापकाची दोन टोके लावून दाबातील घट मोजणे ही होय. दिव्याच्या मंडलातील एका चांगल्या संयोजकात ही घट ०·१ व्होल्टहून कमी असावी. घटमालेच्या ऋण अग्रापासून उपकरणाच्या ऋण टोकापर्यंतच्या संपूर्ण मार्गात ती ०·२ व्होल्टच्या आत असावी. तापदीप्त दीपाचा दाब शेकडा १० ने घटला, तर त्याचा प्रकाश जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. यावरून या लहान आकड्यांचे महत्त्व लक्षात येईल.

आरंभकाच्या मंडलात तर ०·०१ ओहम रोधही जाचक ठरतो. १५० अँपिअर प्रवाहाला तेवढ्याने १·५ व्होल्ट घट होते. थंडीत गाडी ‘धक्का’ मागते तेव्हा घटमालेस दोष देण्यापूर्वी एंजिन व सांगाडा यांना जोडणारी पट्टी पाहावी.

सांगाड्याशी केलेली जोडणी (‘अर्थ’) हाही एक संयोजकच आहे, परंतु त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. मागच्या दिव्यांची ही जोडणी तुटली, तर परतीचा प्रवाह दुसऱ्या दीपांच्या तंतूंमधून वाट शोधतो. ब्रेक दाबला असता वळणाचा दिवा मंद लागणे किंवा वळणाच्या दिव्याबरोबर मागचे सर्व दिवे लुकलुकणे, ही त्याची खूण होय. अशा वेळी तारा उलगडत बसण्यापेक्षा प्रथम तो बोल्ट काढावा. त्याखालील रंग व गंज खरवडून लखलखीत धातू उघडा करावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि आवळून झाल्यावरच वरून पेट्रोलियम जेली लावावी.

दुरुस्ती : घटमालेची ऋण जोडणी काढणे ही पहिली पायरी होय. संयोजक तारांना धरून ओढू नये, कवच धरून व खिट्टी दाबून सोडवावा. उष्णतेने ठिसूळ झालेली खिट्टी गाडी गार असताना मोडण्याची शक्यता जास्त असते. तिला थोडी ऊब देऊन मग दाबल्यास ती सहसा वाचते.

केवळ मळ किंवा किंचित ऑक्साइड असेल, तर विद्युत् स्पर्शकांसाठी मिळणारा फवारा किंवा आयसोप्रोपिल अल्कोहॉल व मऊ ब्रश एवढेच वापरावे. काचकागदाने घासू नये. त्याने मळाबरोबर कथलाचा मुलामाही जातो व उघडे पडलेले पितळ पूर्वीपेक्षा लवकर काळे पडते. अग्र तपकिरी-जांभळे पडले असेल, हिरव्या लवणांनी खाल्ले असेल किंवा तसेच दुसरे नर अग्र त्यात ढिले बसत असेल, तर ते बदलावे. चिमट्याने जीभ वाकवून तात्पुरते काम होते, पण तापून गेलेल्या स्प्रिंगेचा मूळ जोर परत येत नाही. मादी अग्र जळाले असेल, तर त्याच्या जोडीचे नर अग्रही बदलणे इष्ट असते. उपकरणावरील पिना खराब असतील, तर नवा संयोजक बसवूनही तो पुन्हा जळतो.

अग्र कवचातून काढण्यासाठी प्रथम दुसरी खिट्टी सोडवितात. नंतर बारीक चपट्या पोलादी हत्याराने अडकण बाजूस सारून तार हळूच मागे घेतात. या कामी तयार हत्यारे मिळतात. तशी नसल्यास घासून चपटी केलेली सुई चालते. तार प्रथम थोडी पुढे ढकलल्यास अडकणीवरील ताण जातो व ती सहज सुटते, ओढत राहिल्यास ती अधिकच घट्ट रुतते. काढण्यापूर्वी तारांचे रंग व जागा यांची नोंद करावी.

नवे अग्र तारेवर बसविण्याची योग्य पद्धत म्हणजे क्रिंप या नावाने ओळखला जाणारा चेपजोड होय. ही पद्धत विमाने व जहाजे यांच्या विद्युत् कामासाठी विशेषेकरून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वाढीस लागली. अग्राच्या मागील भागास पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी उघड्या पदरांवर व मागची जोडी आवरणावर वळते. योग्य मापाच्या साच्याच्या पकडीत दाबले असता पुढचे पंख वळून पदरांच्या मध्यभागी शिरतात व छेद घेतल्यास इंग्रजी ‘बी’ अक्षरासारखा दिसतो. या वेळी पदर एकमेकांवर इतके चेपले जातात की त्यांच्या छेदाचे क्षेत्रफळ सु. १५ ते २० टक्क्यांनी कमी होते, मधल्या फटी नाहीशा होतात व हवेस आत शिरण्यास वाव राहत नाही. चेपजोडाचे सर्व सामर्थ्य या वायुरोधीपणात आहे. कमी चेपल्यास फटी राहून आत ऑक्साइड वाढते, जास्त चेपल्यास पदर कापले जातात. साध्या पक्कडीने चपटे केलेले अग्र ओढून सुटत नाही, म्हणून ते पक्के वाटते. परंतु त्यात फटी राहतात आणि वर्ष-दोन वर्षांत, विशेषतः पावसाळ्यानंतर, त्याचा रोध वाढतो. साच्याच्या पकडीवरचा खर्च ज्या कारखान्यात टाळला जातो, तेथे तीच ती गाडी पुन:पुन्हा येत राहते.

चेपण्यापूर्वी तारेचे आवरण नेमके तेवढेच काढावे व एकही पदर तुटू देऊ नये. आतील तांबे काळे किंवा हिरवे निघाल्यास लखलखीत तांबे लागेपर्यंत तार मागे कापावी. काळ्या तांब्यावर केलेला कोणताही जोड टिकत नाही. जलरोधी संयोजकात तारेचे रबरी कडे चेपण्यापूर्वीच तारेवर ओवून ठेवावे लागते. हे विसरल्यास सर्व काम पुन्हा करावे लागते, आणि कंटाळून ते तसेच सोडले, तर पाण्याला वाट मोकळी राहते. अग्र बसविल्यावर ‘टक’ आवाज ऐकावा व तार हलकेच ओढून पाहावी.

डाख द्यावा की चेपावे याबद्दल दुरुस्तीकारांत मतभेद आहेत. डाखाचा विद्युत् रोध कमी असतो, याबद्दल वाद नाही. परंतु वितळलेला डाख पदरांमधून आवरणाखाली चढतो व तेवढा तारेचा भाग काडीसारखा ताठ होतो. ताठ व लवचिक भाग जेथे मिळतात तेथे कंपनांचा सर्व ताण एकवटून पदर एकामागून एक तुटतात. शिवाय कथील-शिशाचा नेहमीचा डाख सु. १८३° से. तापमानास मऊ होऊ लागतो. एखादा मोठ्या प्रवाहाचा जोड तापला, तर डाख वितळून तार सुटू शकते. त्यामुळे एंजिनावरील व दारांच्या बिजागरीतून जाणाऱ्या तारांत चेपजोडच योग्य होय. डॅशबोर्डामागे, जेथे कंपने थोडी व प्रवाह लहान असतो, तेथे व्यवस्थित दिलेला व दोन्ही बाजूंनी आधार दिलेला डाखजोड चालतो. राळेचा अभिवाह (डाख पसरण्यास मदत करणारा पदार्थ) वापरावा. पत्र्याच्या कामातील जस्त क्लोराइडाचा अम्लीय अभिवाह तारेत राहून तिला खातो.

तुटलेली तार मध्येच जोडावयाची असल्यास तिच्याच जाडीची व शक्यतो त्याच रंगाची तार घ्यावी. १ चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सु. ०·०१७ ओहम असतो. दिव्याच्या १·५ चौ. मिमी. तारेच्या जागी ०·५ चौ. मिमी. तार घातल्यास रोध तिप्पट होतो. जोडाची नळी चेपून तिच्यावर आतून गोंदाचा थर असलेली, उष्णतेने आकसणारी नळी बसवावी. गोंद कडेने किंचित बाहेर आलेला दिसला म्हणजे ती पाण्यास बंद झाली असे समजावे. जुडग्यातील अनेक तारा जोडताना सर्व जोड एकाच ठिकाणी घेऊ नयेत. ते काही सेंमी. अंतराने मागेपुढे ठेवल्यास जुडग्यास गाठ येत नाही व दोन जोड एकमेकांना टेकण्याचा धोका राहत नाही. तारांना नुसता पीळ देऊन वर टेप गुंडाळणे हा सर्वांत प्रचलित व सर्वांत वाईट प्रकार होय. एंजिनाच्या उष्णतेने टेपेचा चिकटा पातळ होऊन टेप उलगडते आणि पीळ ढिला पडतो. मूळ तारेचे आवरण न काढता तिच्यावर दाबून बसविण्याच्या, पात्याने आवरण छेदणाऱ्या जोडखुंट्याही कायम कामासाठी वापरू नयेत.

संपूर्ण कवच वितळले असेल, तर थोडी तार जोडलेला तयार संयोजक बाजारात मिळतो. तो घेण्यापूर्वी त्याच्या तारांची जाडी तपासावी. पुष्कळदा त्या मूळ तारांपेक्षा बारीक असतात. कवच का वितळले हे शोधल्याशिवाय ते बदलण्यात अर्थ नाही. मोठे दीप, जाम झालेले पंख्याचे चलित्र किंवा वाढवून घातलेली वितळतार यांपैकी काही कारण सापडतेच.

सिलिकोन ग्रीज विद्युत् वाहक नसते. ते रबरी कड्यांवर व संयोजकाच्या तोंडाशी पातळ लावल्यास पाणी रोखते. अग्रे एकमेकांत सरकताना स्पर्शबिंदूंवरून ते बाजूस सारले जाते, त्यामुळे प्रवाहास अडथळा होत नाही. मात्र संयोजक ग्रीजने गच्च भरू नये. आत कोंडलेल्या हवेमुळे व ग्रीजमुळे कडी बाहेर ढकलली जातात.

विशेष मंडले : काही जोडांना वरील सर्वसाधारण नियम जसेच्या तसे लागू पडत नाहीत. निष्कास वायूंतील ऑक्सिजन मोजणाऱ्या अनेक संवेदकांना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्यांच्या तारांच्या पदरांमधूनच मिळते. तेथे डाख किंवा ग्रीज यांनी ही वाट बुजल्यास संवेदक चुकीचे माप देतो. नियंत्रकांना परस्परांशी जोडणाऱ्या व पीळ दिलेल्या तारांच्या जोडीत पीळ संयोजकाच्या अगदी जवळपर्यंत कायम ठेवावा लागतो. बॉश कंपनीने १९८६ साली मांडलेल्या ‘कॅन’ पद्धतीच्या जलदगती जाळ्यात दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो. घटमाला अलग करून दोन तारांमधील रोध मोजल्यास तो सु. ६० ओहम यावयास हवा. १२० ओहम आल्यास जाळे कोठेतरी तुटलेले असते. रोधमापक विश्वासाने वापरावा अशी ही थोड्या जागांपैकी एक जागा आहे.

सुरक्षा-पिशवीचे संयोजक बहुधा पिवळे असतात. ते सोडविताच आतील पट्टी दोन्ही तारांना एकमेकींशी जोडते, म्हणजे भटक्या दाबाने पिशवी उडू नये. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटरगाड्यांत चालकासाठी ही पिशवी सक्तीची झाल्याने साध्या कारखान्यांतही या तारांशी संबंध येऊ लागला आहे. घटमाला काढल्यावरही या मंडलातील धारित्रांत विद्युत् भार काही मिनिटे शिल्लक असतो. म्हणून निर्मात्याने दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेला काळ थांबल्याशिवाय त्यांना हात लावू नये, पिशवीच्या टोकांवर रोधमापक लावू नये व निर्मात्याने सांगितलेल्या पद्धतीखेरीज तेथे कोणताही जोड करू नये. विद्युत् व संमिश्र गाड्यांतील नारिंगी आवरणाच्या तारांत शेकडो व्होल्ट एकदिश दाब असतो. त्यांचे संयोजक दुरुस्त करीत नाहीत. प्रशिक्षित तंत्रज्ञ उच्च दाबाचे मंडल अलग करून व दाब शून्य झाल्याची मापकाने खात्री करून, संपूर्ण तारच तिच्या संयोजकांसह बदलतात.